दोन नंबरची टाकी

जिंतूरच्या पुढे काळी जमीन संपते आणि मुरमाड टेकाडं सुरू होतात, तिथे बन्सीधरची तीन एकर द्राक्षबाग होती. उताराला आडव्या ओळी, ओळींच्या खालच्या अंगाला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये स्टीलच्या तीन टाक्या. बन्सीधरच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि ही द्राक्षं वाइनची होती. ह्या दोन गोष्टींचा मेळ गावाला वीस वर्षांत बसवता आला नव्हता. चावडीवर कुणी ना कुणी विचारायचंच, "काय माळकरी, औंदाची कशी उतरली?" बन्सीधर म्हणायचा, "येऊन बघ की. पर तुला फुकट मिळायची न्हाई."

वीस वर्षांमागे एका कंपनीने ह्या भागात दहाबारा जणांना ही द्राक्षं लावायला लावली आणि चौथ्या वर्षी माल घेणं बंद केलं. बाकीच्यांनी वेली उपटून सोयाबीन पेरलं. बन्सीधर हट्टी. तो एक हंगामभर नाशिकला एका कारखान्यात टाक्या धुवायला राहिला, साठवणीचं आणि आंबवायचं सगळं बघून आला आणि परवान्याच्या कागदांमागे तीन वर्षं फिरला. तेव्हापासून दर साल नाशिकचा टँकर येऊन त्याचा माल घेऊन जायचा. घरात त्या मालाला वाइन म्हणायची रीत नव्हती. टँकरचं झाकण लागेपर्यंत तो रसच असायचा.

ह्या रसाचा थेंब बन्सीधरने कधी जिभेला लावला नव्हता. त्याचं सगळं काम नाकावर चालायचं. रोज सकाळी, पोटात चहासुद्धा नसताना, साध्या पाण्याने चूळ भरून तो शेडमध्ये जायचा. सून पंकजा टाकीचं झाकण उचलून धरायची. तो वाकायचा, डोळे मिटायचा आणि पुटपुटायचा, "साल... भिजलेली माती... जांभळाची बी..." मग सरळ उभा राहून एकच शब्द बोलायचा. चालू हाय. मंद पडली. उतरली. त्या शब्दावर दिवसाचं काम ठरायचं. त्याने वास घेतल्याशिवाय सकाळी कुणी टाकी उघडायची नाही, हा त्या शेडचा नेम होता आणि तो मोडायची पोराचीही छाती नव्हती. नाशिकचे लोकसुद्धा त्याच्या नाकाला मानायचे. एकदा त्याने नुसत्या वासावर सांगितलं होतं की टँकरमध्ये ह्याच्या आधी मळी भरली होती. ड्रायव्हरने कबूल केलं होतं.

दिवाळीत त्याला ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला आणि नाक गेलं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, सर्दी आहे. मग वाटलं, अशक्तपणा आहे. कार्तिक सरता सरता त्याने एक दिवस गोठ्यात शेणाचा पो उचलून नाकाशी धरला आणि कळलं की ह्यात आणि हवेत काही फरक राहिलेला नाही. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगून काय करायचं? ह्या घरात पोरगा भारत मशीन बघतो, बायको छबूबाई माणसं बघते, सून सगळंच बघते. त्याच्याकडे नाकाशिवाय दुसरं काही नव्हतं, असं त्याचं त्यालाच वाटत होतं आणि ह्या वाटण्याने तो आतून पार घाबरून गेला होता.

फेब्रुवारीत तोडणी लागली. पहाटेच्या गारव्यात बायका ओळीत शिरायच्या आणि ऊन तापायच्या आत क्रेट खाली यायचे. बोटं चिकट होऊन काळी पडायची, कात्रीच्या कडीने अंगठ्याला घट्टे पडायचे. क्रेट उतारावरून डोक्यावर आणायचे, कारण ओळीत ट्रॅक्टर घुसत नव्हता. छबूबाई बांधावर बसून घड निवडायची; एक सडका मणी दिसला की तोडणारीला तिच्या माहेरासकट उद्धरायची. शेडमध्ये सिद्धोधन घड मशीनमध्ये ओतायचा. गेली नऊ वर्षं तो इथे गडी होता. मणी फुटून टाकीत पडले की दोन दिवसांत फसफसायला लागायचे आणि साली वर येऊन हातभर जाडीचा थर धरायचा. हा थर दिवसातून तीनदा सागवानी दांड्याने खाली दाबायचा, नाहीतर तो वर वाळतो, तापतो आणि रसाला नासवतो. दाबायचं काम सिद्धोधनचं. फळीवर उभं राहून दांडा रेटताना त्याच्या पाठीचे मणके बनियनमधून मोजता यायचे.

बन्सीधर रोज सकाळी वाकत होता. एक नंबरची टाकी त्याने नाकाशिवाय तडीला नेली. हात टाकीला लावून ऊब बघायची, कान लावून फसफस ऐकायची आणि डोळे मिटल्यासारखे करून सुनेच्या तोंडाकडे बघायचं. पंकजाचा चेहरा बोलका होता. वास चांगला असला की तिच्या कपाळावरची आठी जायची. पुटपुटायला त्याच्याकडे इतक्या वर्षांचे शब्द होते. "साल... माती..." तो म्हणायचा आणि आपल्याच आवाजाची त्याला शिसारी यायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी तो म्हणाला, "पोखर्नीला जाऊन येतो. नरसिंहाला बोललो होतो."

"हंगामात?" छबूबाई म्हणाली.

"देवाला काय हंगाम?"

तो पोखर्णीला गेला नाही. परभणीला स्टेशनजवळच्या गल्लीत नाक-कान-घशाचा एक डॉक्टर होता, तिथे गेला. डॉक्टरने नळी घालून बघितलं, फोटो काढायला पाठवलं, फोटोचा कागद उद्या मिळेल म्हणून सांगितलं. बन्सीधर पेडगावला पंकजाच्या माहेरी मुक्काम करू शकला असता, पण तिथे गेलं की बातमी घरी. तो स्टेशनवर झोपला. दुसऱ्या दिवशी कागद संध्याकाळी मिळाला आणि डॉक्टर बुधवारी सकाळी भेटला. म्हणाला, "तापात शिरा गेल्यात. येईल परत, किंवा येणार पण नाही. वय काय तुमचं? मग सोडून द्या की आता."

इकडे मंगळवारी सकाळी सिद्धोधन दांडा घेऊन दोन नंबरच्या टाकीपाशी उभा होता. सोमवारी सकाळी काकांनी वास घेतला तेव्हाच काय ते दाबलं होतं; सोमवारी दुपारपासून वीजच नव्हती आणि सगळ्यांनी मिळून उरलेला माल हाताने फोडला होता, त्यात पुन्हा दाबायचं राहून गेलं.

"भारतभाऊ, दाबू का?"

"दादानं वास घेतला न्हाई अजून." भारत बापाला दादा म्हणायचा.

"लय गरम लागायलीय टाकी."

"दुपारपस्तोर येतेत. मोबाइल बंद लागायलाय त्येंचा. नेम मोडला तर मलाच बोलणी खावी लागतेत."

दुपारी बन्सीधर आला नाही. पंकजा म्हणाली, "दाबून घ्या, मी सांगते मामांना." भारत तिच्यावर खेकसला, तेही बायामाणसांच्या देखत. ती क्रेट धुवायला गेली. पत्रा तापला होता, टाक्यांवर चिलटं घोंघावत होती. सिद्धोधन संध्याकाळी दांडा भिंतीला लावून घरी गेला.

बुधवारी दुपारी बन्सीधर आला. देवाचा प्रसाद कुठाय म्हणून छबूबाईने विचारलं तर म्हणाला, विसरलो. मग उपाशीपोटीच शेडमध्ये गेला. पंकजाने दोन नंबरचं झाकण उचललं आणि मान बाजूला वळवली. नेमकं तेव्हाच बन्सीधरच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्याला तिचा चेहरा दिसला नाही. फसफस ऐकू येत नव्हती, म्हणजे आंबणं संपलं, एवढं त्याला कळलं.

"उतरली," तो म्हणाला. "उद्या सकाळी तीन नंबरच्या मोठ्या टाकीत एक नंबर अन् दोन नंबर एकत्र घ्या. टँकर कधी येनार?"

"उद्याच. धा वाजता," भारत म्हणाला. त्याने तंबाखू मळायला घेतली होती. त्याला कधीच कशाचा वास येत नसे आणि त्याला त्याची गरजही पडली नव्हती.

सिद्धोधनने एकदा पंकजाकडे बघितलं. त्याच्याही नाकाला लागलं होतं. पण काका म्हणाले उतरली. तो पाईप धुवायला गेला.

पंकजा सहा वर्षं ते झाकण धरून उभी राहत होती. सासरा पुटपुटायचा ते प्रत्येक वेळी तिच्या नाकात उतरत होतं. माती म्हणजे कुठला वास, जांभळाची बी म्हणजे कुठला, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आता दोन नंबरमधून नेलपॉलिशचा वास येत होता. ही टाकी एक नंबरमध्ये मिसळली की दोन्ही गेल्या, वर्ष गेलं. आणि हे माणूस म्हणतंय, उतरली. संक्रांतीपासून तिला जो संशय होता तो आता संशय राहिला नव्हता.

दिवस मावळायला लागला तेव्हा बन्सीधर मागच्या अंगणात बाजेवर बसला होता. छबूबाई देवापाशी दिवा लावायला आत गेली होती. पंकजा दोन वाट्या घेऊन आली. दोन्हीत तळाला लाल.

"मामा, उद्या एकत्र घ्यायच्या हायेत, म्हनून म्हनलं एकदा दोन्हीचा मिळून वास बघावा तुमी. ही एक नंबरची. ही दोनची."

बन्सीधरने पहिली वाटी नाकाशी धरली. डोळे मिटले. "साल," तो म्हणाला. "बरी हाय." दुसरी धरली. जरा जास्त वेळ धरली. "ही जरा कवळी हाय. पर एकत्र झाल्यावर बसंल जागेवर."

 त्याने डोळे उघडले तेव्हा पंकजा त्याच्याकडेच बघत होती.

"दोन्हीत नुसतं अंबाडीच्या बोंडाचं पानी हाय, मामा."

बन्सीधरने वाटीत बघितलं. मग सुनेकडे बघितलं. आधी त्याला राग आला. घरात येऊन सहा वर्षं झालेली ही पोर आपली परीक्षा घेते. वाटी भिरकावून द्यावी असं वाटलं. मग राग गेला आणि नुसती लाज उरली. वाटी धरलेला हात त्याला खाली घेता येईना.

"कधीपून कळलं तुला?"

"संक्रांतीला तूप करपलं होतं. घरभर धूर. तुमी आत आलात अन् म्हनलात, काय वास सुटलाय तुपाचा."

"सरळ इचारायचं होतं."

"इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता."

हे खरं होतं. त्याने वाटी बाजेवर टेकवली. "भारतला सांगितलंस?"

"कुनालाच न्हाई."

"दोनचं कसं हाय?"

"गेलीय. नेलपॉलिशवानी वास मारायलीय. दोन दिवस दाबली न्हाई कुनी. मिसळली तर एक नंबर बी जाईल."

"दाबली कामून न्हाई?"

"तुमी वास घेतला नव्हता म्हनून."

आतून छबूबाईने विचारलं, काय बोलायलेत रे दोघं. बन्सीधर म्हणाला, "काई न्हाई, उद्याचं." पंकजाने दोन्ही वाट्या उचलल्या आणि मोरीत ओतल्या.

सकाळी तो नेहमीप्रमाणे चूळ भरून शेडमध्ये आला. सिद्धोधनने पाईप जोडून ठेवला होता, भारत पंपाच्या बटणापाशी होता. पंकजाने झाकण उचललं. बन्सीधर वाकला, डोळे मिटले आणि ह्या खेपेला काही पुटपुटला नाही.

"दोन नंबर गेली," तो म्हणाला. "मिसळू नका. पाईप काढ सिद्धोधन."

"काल तर उतरली म्हनलात!" भारतचा आवाज चढला.

"काल म्हनलो. आज म्हनतो गेली."

भारत टाकीभोवती एक चक्कर मारून आला. एवढी मोठी टाकी, पावसाळ्यापासूनची मेहनत, आणि आता ओतून द्यायची. त्याला कुणावर तरी ओरडायचं होतं. बापावर ओरडता येत नव्हतं. तो सिद्धोधनकडे वळला आणि नेमका त्याच वेळी बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

नाशिकचा साहेब पन्नाशीचा, पांढऱ्या बुटांचा माणूस होता. दरवर्षी तोच यायचा. त्याने एक नंबरचा नमुना काचेच्या पेल्यात घेतला, फिरवला, मान डोलावली. मग दोन नंबरपाशी गेला, झाकण जरासं उचललं आणि खोकत मागे झाला.

"ही मिसळली नाहीत ना?"

"न्हाई," भारत म्हणाला. "मिसळणारच होतो. पाईप जोडला होता. दादानं सकाळी वास घेतला अन् थांबवलं."

"काका," साहेब म्हणाला, "तुमच्या नाकाला तोड नाही. आमच्याकडं लाखाची मशिनं आहेत, पण ती एवढ्या वेळेवर बोलत नाहीत. आज तुमचं वर्ष वाचलं."

बन्सीधर भिंतीला टेकून उभा होता. पंकजा बाहेर नळाखाली क्रेट धूत होती.

"पर ही गेली कशानं?" साहेबाने विचारलं.

"ह्याच्यानं," भारत म्हणाला आणि सिद्धोधनकडे बोट केलं. "दोन दिवस दांडा लावला न्हाई ह्यानं. नऊ वरसं झाले, अजून ह्येला सांगावं लागतंय. दुसरा मानूस बघणार हाव मी आता."

सिद्धोधन खाली बघत होता. त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे होते. हंगाम संपला तरी महिनाभर तो रंग जात नसे. "भारतभाऊ, मी इचारलं होतं तुमाला," तो म्हणाला. "काकांनी वास घेतल्याबिगर उघडायची न्हाई, तुमीच म्हनलात."

"मग दुपारी तरी? डोकं वापरायचं का न्हाई? घरी जा तू. हिशोब करून देतो."

सिद्धोधन हलला नाही. त्याने बन्सीधरकडे बघितलं. नऊ वर्षांत त्याने काकांना कधी काही मागितलं नव्हतं, आताही तोंडाने मागितलं नाही. बन्सीधरने त्याची नजर चुकवली. एवढं गप्प राहिलं की सगळं नीट होतं. नाक राहतं, मान राहतो, साहेब पुढच्या साली परत हेच बोलतो. सून काही बोलणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हा गडी जातो एवढंच.

सिद्धोधन खुंटीवरचा सदरा काढून घालायला लागला.

"थांब रे," बन्सीधर म्हणाला. आणि साहेबाकडे वळून म्हणाला, "त्यानं काई केलं न्हाई. दोन दिवस मी हितं नव्हतो म्हनून टाकी उघडली न्हाई."

"देवाला गेला होता की तुमी," भारत म्हणाला.

"देवाला न्हाई. परभनीला गेलो होतो, नाकाच्या डाक्टरकडं. मला वास येत न्हाई. दिवाळीपून."

साहेब हसला. "काका, माळकरी माणूस तुम्ही. मोठेपणा घ्यायचा नाही म्हणून काय काहीही सांगता."

भारतही हसला, सुटल्यासारखा. दारात आलेली छबूबाई पदर तोंडाला लावून हसली. सगळ्यांना ते हसणं सोयीचं होतं. बन्सीधरने त्यांचं हसणं संपू दिलं.

"काल संध्याकाळी सुनंनं मला वाटीत अंबाडीच्या बोंडाचं पानी दिलं," तो म्हणाला. "मी नाकाला लावलं अन् म्हनलो, जरा कवळी हाय, बसंल जागेवर. ही टाकी मी वळखली न्हाई. मी मिसळायला निघालो होतो. तिनं सांगितलं म्हनून थांबलो."

 छबूबाईचा पदर तोंडावरच राहिला. गेल्या चार महिन्यांत ह्या माणसाने आपल्या हातचं काय काय चांगलं म्हणून खाल्लं, हे तिला एकेक आठवायला लागलं आणि तिला रडू आलं. भारत तोंडातली तंबाखू थुंकायला म्हणून बाहेर गेला आणि लवकर आत आला नाही. सिद्धोधनने सदऱ्याची बटणं लावायची अर्धवट सोडली.

"पंकजा," बन्सीधरने हाक मारली. "हिकडं ये."

ती ओले हात साडीला पुसत आली. डोक्यावरचा पदर सावरला आणि उंबऱ्याच्या आत एका बाजूला उभी राहिली. साहेबाने काय करावं ते न सुचून एक नंबरचा पेला तिच्यापुढे धरला. तिने आधी सासूकडे बघितलं. मग पेला घेतला, फिरवला नाही, नुसता नाकाखाली धरला. 

"गाळाचा वास धरलाय हिनं," ती म्हणाली. "हलका हाय अजून. एकदा नितळून दुसऱ्या टाकीत घ्यावी लागंल. आठ दिवसांनी या."

"टँकर नाशिकहून आलाय, बाई," साहेब म्हणाला. "मला तर काही वाटला नाही वास. रिकामा नेऊ?" त्याने पेला परत घेऊन हुंगला, पुन्हा हुंगला आणि सवयीने बन्सीधरकडे बघितलं.

पंकजाही सासऱ्याकडे बघत होती. 

"माझ्याकडं कामून बघायलात?" बन्सीधर म्हणाला. "तिनं सांगितलं न्हवं का. रिकामा न्या."